जोडीला बाबा

थोरलीनं बर्फावर घसरायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरातला पहिला आक्षेप बाबांचा होता. घसरायला शिकायचं कशाला, ते आपोआप येतं, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर माणूस जपतो ते घसरू नये म्हणून, आणि ही पोरगी त्यासाठी शिकवणी लावायची म्हणते! बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. सरळ चालीबद्दल त्यांचा तिथे इतका दबदबा होता, की ते समोरून आले की लोक आपापली खुर्चीसुद्धा सरळ करत.

थोरलीला पंधरावं सरत आलं होतं. हे वय बाबांच्या मते अभ्यासाचं, समोरच्या काकूंच्या मते केस वाढवण्याचं, आणि फिगर स्केटिंगवाल्यांच्या मते जवळजवळ निवृत्तीचं. हे वेड तिच्या डोक्यात कसं शिरलं, ते विचारू नये. वेड काही दाराची बेल वाजवून आत येत नाही.

"फिगर स्केटिंग? म्हणजे फिगरसाठी का?" समोरच्या काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं, मग जिने चढ-उतर कर की. त्याला बर्फ कशाला हवा?"

थोरलीनं समजावलं. संगीताच्या तालावर बर्फावर वळणं घ्यायची, गिरक्या मारायच्या, उड्या मारायच्या, आणि हे सगळं करताना चेहरा हसरा ठेवायचा.

"पडल्यावरसुद्धा?" धाकटी बहीण म्हणाली. धाकटी आठ वर्षांची होती आणि तिचे प्रश्न नेहमी नको तिथे लागत.

"पडल्यावर तर जास्तच," थोरली म्हणाली. त्यावर आईनं फक्त एवढंच विचारलं, की बर्फावर स्वेटर कोणता घालणार. आईचा होकार नेहमी असा स्वेटराच्या वाटेनं येई. बाबांनी मान हलवली, पण ती कोणत्या दिशेनं हलली हे कुणी तपासलं नाही.

गावातलं एकमेव बर्फाचं मैदान हे मुळात बटाट्यांचं शीतगृह होतं. बटाट्यांचा धंदा बसला, तेव्हा मालकानं विचार केला, की थंडी तयारच आहे, नुसते बटाटे काढून माणसं घालायची. पण शीतगृह धुतल्यावर पाणी निथळून जावं म्हणून तिथली जमीन एका कोपऱ्याकडे उतरती केलेली होती. बटाटे गेले, बर्फ आला, उतार मात्र जागचा हलला नाही. बर्फाचा थरही पातळच असे, त्यामुळे तोही जमिनीसारखाच तिरका. कुणाचा हातमोजा पडला, टोपी पडली, की ती सावकाश सरकत त्या कोपऱ्यात जाऊन बसे. त्या कोपऱ्याला सगळे मोरी म्हणत.

शिकवणाऱ्या बाईंचा आवाज त्यांच्याहून दुप्पट उंच होता. वर्गात सगळी मुलं सहा-सात वर्षांची. त्यांच्या रांगेत थोरली उभी राहिली, की बालवाडीच्या फोटोत चुकून शिपाई आल्यासारखं दिसे. पहिल्याच दिवशी बाईंनी हुकूम सोडला, "पडा!"

सगळी पिल्लं पटापट पडली. थोरली उभीच.

"तुला वेगळं आमंत्रण पाहिजे का? पड!"

पण पडणं कसं जमणार? ज्या घरात 'सांभाळून गं' हे 'ये' आणि 'जा' यांच्याइतक्याच वेळा म्हटलं जातं, त्या घरातल्या मुलीला आपणहून पडता येत नाही. ती भिंत धरून उभी राहिली. शेवटी शेजारच्या, समोरचे दात नसलेल्या चिमुरडीनं तिला धीर दिला, "ताई, भिंत छोडा. भिंत नाही पडत." थोरलीनं भिंत सोडली आणि ती पडली. पडली ती सरळ मोरीपर्यंत गेली आणि दोन हातमोजे व एक टोपी यांच्या शेजारी विसावली.

"बाई, इथली जमीनच तिरकी आहे," ती उठून म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाई गरजल्या, आणि पिल्लं खिदळली. आता ही म्हण ज्यानं कुणी केली असेल त्याला त्या शीतगृहात आणून उभं करायला हवं होतं. अंगण खरंच वाकडं होतं हो. पण ज्याला नाचता येत नाही, त्याला ते सांगायचा अधिकार नसतो. थोरलीनं त्याच क्षणी मनाशी गाठ मारली, की आधी नाचायला शिकायचं आणि मग अंगणाबद्दल बोलायचं.

ती रोज शाळेआधी जाऊ लागली. भिंत सुटली. पुढे जाता येऊ लागलं, मग मागे, मग एका पायावर. अंगावर निळे-जांभळे डाग उमटले. आई ते मोजायची नाही, नुसती तेल लावायची आणि हुश्श म्हणायची. मग बाईंनी एक दिवस तिला बाजूला घेतलं.

"हे बघ थोरले," त्या म्हणाल्या. घरचं नाव तिथेही पोचलं होतं, आणि तिथे ते जास्तच शोभत होतं. "तुझ्यात चिकाटी आहे. स्पर्धेत उतर. नवशिक्यांचा गट सोळाच्या आतला असतो. त्यात एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलीस, की खुला गट तुला उघडा. मग म्हातारी होईपर्यंत खेळ. पण सोळा उलटले आणि नावावर एकही स्पर्धा नसली, तर खुल्या गटात कुणी घेत नाही. तुझं हे शेवटचं वर्ष आहे."

त्या रात्री थोरली जेवली नाही, नुसतं ताट पुढे घेऊन बसली.  बर्फ सकाळपुरताच मिळे आणि सराव तर दिवसभर हवा होता. तेव्हा तिनं घराबाहेरच्या लांबलचक पॅसेजवर मेणबत्ती घासली आणि मोजे घालून गिरक्या सुरू केल्या. कल्पना उत्तम होती. फक्त काकू दुधाचं पातेलं घेऊन शेजारी विरजण मागायला निघतील, हे तिच्या लक्षात आलं नाही.

काकूंनी उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं आणि त्या निघाल्या. चालत नव्हे, निघाल्या. दोन्ही हातांत पातेलं, पाठ ताठ, तोंडातून एक लांब 'अगंऽऽऽ', आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी नेमकं तेव्हाच लिफ्टचं दार उघडलं होतं. काकू थेट आत गेल्या. दार लागलं. लिफ्ट खाली गेली. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांच्यासमोर दार उघडलं, तेव्हा काकू आत उभ्या होत्या आणि दुधाचा थेंबही सांडला नव्हता.

तातडीची सभा भरली. पॅसेजमध्ये हेतुपुरस्सर घसरण्यास मनाई करावी, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. अनवधानानं घसरणाऱ्यांचं काय, यावर बराच खल झाला. बाबा मान खाली घालून बसले होते. इतक्या वर्षांत सभेत त्यांचं नाव फक्त 'अनुमोदन' या शब्दाच्या मागे आलेलं, आणि आज ते 'आरोपीचे वडील' होते. तेवढ्यात काकू उठल्या.

"माझी काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरीला सांगा, हात बाजूला हवेत. माझा तोल हातांतल्या पातेल्यानं राखला, तिच्या हातांत ते नसतं. दुधाचा थेंब तरी सांडला का? विचारा सेक्रेटरींना!"

ठराव बारगळला. त्या दिवसापासून काकू थोरलीच्या तांत्रिक सल्लागार झाल्या. दिवाणखान्यात थोरली एका पायावर उभी राही आणि काकू तिच्या पसरलेल्या हातांवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवत. आईनं दिवाणखान्याचे चमकदार जांभळे पडदे उतरवून तिच्यासाठी पोशाख बेतला. खिडकी उघडी पडली आणि समोरच्या इमारतीलाही सराव दिसू लागला. सूचना तिकडूनही येऊ लागल्या.

मग आली नावनोंदणी. ती बर्फक्रीडा मंडळाच्या कचेरीत जाऊन करायची होती.

"ते माझ्यावर सोड," बाबा म्हणाले. कचेरी म्हटलं की त्यांच्या अंगात बळ संचारे. घसरण्याबद्दल त्यांना काही कळत नसे, पण खिडकीपलीकडच्या माणसाशी कसं बोलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि तासाभरात विजयी मुद्रेनं परतले.

"एका फेरीत काम! ना रांग, ना उद्या या! त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं शिक्का मारला."

घरात आनंदीआनंद झाला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. सकाळी बर्फावर बाईंनी थोरलीला गाठलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बेताचा होता.

"तू जोडीत कधीपासून खेळायला लागलीस?"

"जोडीत? मी एकेरीत आहे बाई."

"मंडळानं याद्या वाचून दाखवल्या फोनवर. नवशिकी जोडी. तू आणि," बाई थांबल्या, "तुझे वडील."

संध्याकाळी बाबांची उलटतपासणी झाली. त्या माणसानं नक्की काय विचारलं?

"साधा प्रश्न होता. एकटी की जोडीनं?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, एकटी? भलतंच काय! मी आहे ना जोडीला!"

 बाबांचं तरी काय चुकलं होतं? मुलगी शाळेत प्रवेशाला गेली, दाताच्या डॉक्टरकडे गेली, सहलीच्या बसपर्यंत गेली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी हेच विचारलं होतं, आणि त्यांनी छाती पुढे काढून हेच उत्तर दिलं होतं. 'एकटी' हा शब्द मुलीच्या नावापुढे लावू द्यायचा नाही, हे त्यांच्या बापपणाचं पहिलं कलम होतं.

"त्यानं वयसुद्धा विचारलं," बाबा पुटपुटले. "मी म्हटलं, एक्कावन्न. मला वाटलं, चौकस आहे माणूस."

सगळे मिळून मंडळाच्या खिडकीवर गेले. खिडकीतला कारकून डबा खात होता. मान वर न करता तो म्हणाला, "एकेरीची यादी बंद झाली. जोडी रद्द करता येते, पण मग दोघांचंही नाव जातं. पुन्हा नाव घालायचं तर नोंदणी हवी आणि नोंदणी बंद आहे."

"पण माझं वय एक्कावन्न आहे!" बाबा कळवळले.

"जोडीत एक जण सोळाच्या आतला हवा. दुसऱ्याबद्दल नियम काही बोलत नाही. नियम करणाऱ्यांच्या हे डोक्यातच आलं नसणार." आणि त्यानं चटणीला हात घातला. बाबा स्वतः याच जातीचे होते. नियम बोलत नाही म्हटल्यावर माणूसही बोलू शकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आयुष्यात प्रथमच ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं हरले.

परतीच्या वाटेवर थोरली सगळ्यांच्या पुढे चालत होती. घराच्या दाराशी तिचा बांध फुटला. "मला एकटीनं करायचं होतं बाबा! मी पडले, मी उठले, सगळं एकटीनं केलं. तुम्हाला कुणी बोलावलं होतं मध्ये?"

बाबांना फार लागलं ते. कचेरीत वरिष्ठांनी कागद तोंडावर फेकला होता तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. ते बाल्कनीत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले आणि आईला म्हणाले, "अगं, माझे जाड मोजे कुठे आहेत?"

बाईंनी नियमांचं बाड पालथं घालून वाट काढली. संगीत सुरू होताना आणि संपताना दोघांनी हात धरून उभं असलं पाहिजे. मधल्या वेळात एक जण नुसता उभा राहिला तर गुण जातील, पण जोडी बाद होणार नाही. शेवटी मात्र दोघंही उभे हवेत. एक जरी खाली असला, तरी खेळ अपुरा.

"म्हणजे मी फक्त उभं राहायचं?" बाबांचा चेहरा खुलला. "ते मला जमेल. उभं राहण्यातच माझी अख्खी नोकरी गेली."

पण बर्फावर उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना तिथे गेल्यावर कळलं. बूट घालून ते आत आले आणि त्यांचे दोन पाय दोन पक्षांत गेले. पिल्लांची रांग कठड्याला लोंबकळून बघत होती. "आजोबा, भिंत छोडा!" कुणीतरी ओरडलं. आजोबा! बाबांनी भिंत सोडली. ती त्यांनी हट्टानं सोडली, आणि ते बसले. उठायला गेले, पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी कचेरीत ते लंगडत गेले आणि कुणी विचारलं तर 'सराव' एवढंच म्हणाले. थोरली आधी त्यांच्याकडे बघत नसे. मग तिला दिसलं, की पडल्यावर ते आजूबाजूला कुणी पाहिलं का, हे बघत नाहीत. आपण मात्र पहिल्या आठवड्यात बघत होतो, हे तिला आठवलं. ती त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, गुडघे जरा वाकवा. ताठ माणूस इथे टिकत नाही."

स्पर्धेच्या दिवशी उरलेल्या पडद्याची जांभळी बंडी घालून बाबा तयार झाले. आरशात बघून ते म्हणाले, "खिडकी वाटतोय मी." आईनं बंडीचं बटण लावलं आणि ती म्हणाली, "छान दिसताय. लोकांनी फार आत डोकावू नये एवढंच."

प्रेक्षकांत काकू, आई, धाकटी, सेक्रेटरी आणि समोरच्या इमारतीतले अनेक अनोळखी हितचिंतक होते. नवशिक्या जोड्या दोनच. पहिली जोडी सात वर्षांच्या जुळ्यांची. ती भिंगऱ्यांसारखी फिरून गेली. मग पुकारा झाला. थोरलीनं बाबांना हाताला धरून मधोमध नेलं. टाळ्यांमध्ये थोडं हसूही होतं. बाबांनी ते ऐकलं आणि हनुवटी वर केली.

संगीत सुरू झालं. थोरलीनं हात सोडला आणि ती निघाली. मोठं वळण, उलटं वळण, हात बाजूला, वाटीतलं पाणी सांडू न देता. गिरकी नीट झाली. बाबांभोवती एक प्रदक्षिणा घ्यायची होती, म्हणून ती वळली, तर बाबा जागेवर नव्हते.

ते उभेच होते, अगदी शिकवल्याबरहुकूम, हाताची घडी घालून. पण अंगण वाकडं होतं. सरावाला ते रोज भिंतीजवळ उभे राहत आणि तिथे कठडा त्यांना अडवी. आज मधोमध अडवायला कुणी नव्हतं. ते संथपणे, कुणाही पुढाऱ्याला हेवा वाटावा अशा गांभीर्यानं मोरीकडे निघाले होते. त्यांना ते कळलं होतं. पण त्यांना 'हलायचं नाही' असं सांगितलेलं होतं, आणि सांगितलेलं मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

थोरलीनं प्रदक्षिणा सरकत्या बाबांभोवती घातली. प्रेक्षकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या पडल्या. आता उडी उरली होती. तिनं वेग घेतला, वळली, उडाली आणि उतरताना पाय निसटला. ती आपटली. चांगलीच आपटली.

"अगं!" बाबा ओरडले. आणि ज्या माणसानं अख्ख्या महिन्यात बर्फावर एक पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस धावला. चार पावलं खरोखर धावला, आणि मग बंडी वर, पाय वर, असा तिच्या शेजारी येऊन पडला.

दोघं समोरासमोर बसली होती. संगीत चालूच होतं. शेवटचं कडवं वाजायला लागलं होतं, हे थोरलीला कळलं. बाबा मात्र बसल्या बसल्या हात पुढे करत होते. "लागलं का गं? थांब, मी उचलतो तुला."

"मला उचलू नका बाबा," थोरली म्हणाली. ती गुडघ्यावर आली, एक पाय रोवला आणि उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला. "तुम्ही उठा. आधी गुडघ्यावर या. घाबरू नका, मी आहे ना जोडीला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य ते ओळखत होते. त्यांनी तिचा हात धरला, गुडघ्यावर आले, एक पाय रोवला, पुन्हा बसले. "हात बाजूला!" काकूंचा आवाज घुमला. बाबांनी दात-ओठ खाल्ले, पाय रोवला आणि थरथरत, डुलत, पण उठले. संगीत थांबलं तेव्हा दोघं हात धरून उभी होती आणि मिळून सावकाश मोरीकडे सरकत होती. थोरली हसत होती. पडल्यावर तर जास्तच, असं तिनंच सांगितलं होतं.

जुळ्यांचा पहिला नंबर आला. दोनांत दुसऱ्या आलेल्या या जोडीचं घरी कौतुक झालं, ते जगात दुसरी आल्यासारखं झालं. काकूंनी श्रेयाचा मोठा वाटा उचलला.

खुल्या गटाची नोंदणी सुरू झाली, तेव्हा बाप-लेक पुन्हा त्या खिडकीवर गेले. कारकुनानं डबा बाजूला सारला आणि मान वर न करता विचारलं, "एकटी की जोडीनं?"

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. 

"एकटी," ते म्हणाले.

थोरलीनं त्यांचा हात घट्ट दाबला. कारकुनानं शिक्का मारला. मग पहिल्यांदाच मान वर करून तो बाबांकडे बघत राहिला.

"जोडीच्या यादीत तुमचं नाव अजून आहे. खुल्या गटात सरकलंय आपोआप. काढून टाकू?"

बाबा खिडकीसमोर तसेच उभे होते. गुडघे किंचित वाकलेले होते.

"असू द्या तूर्त," ते म्हणाले. "हिच्या आईला विचारून सांगतो."